मृत्यूच्या फॉर्मवरची आडवी रेघ: कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर

विषय: दारूने झालेले मृत्यू दारूच्याच नावावर नोंदवले जाण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी या जिल्ह्यात ३१ वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. सुरुवात करवीर तालुक्यात झाली, मग पन्हाळा आणि शेवटची वर्षं शाहूवाडी. आता पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात आजही ‘भाऊसाहेब’च म्हणतात. ग्रामसेवक म्हटलं की लोकांना घरफाळा, पाणीपट्टी, घरकुलाची यादी आठवते. गावचा जन्म-मृत्यू निबंधकही तोच असतो, हे माणूस मेल्यावरच लक्षात येतं. रक्षाविसर्जन झालं की दोन-चार दिवसांत घरातलं कुणीतरी पंचायतीत येतं, कारण २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. त्या नोंदी मी ३१ वर्षं माझ्या हातानं लिहिल्या. त्यांतल्या कितीतरी मी खोट्या लिहिल्या आहेत. हे पत्र त्याबद्दल आहे.

एक नोंद सांगतो. मे महिना होता, पंचायतीचा पंखा बंद. दीर पुढं, बाई मागं. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड. बांगड्या फोडताना मनगटावर उठलेले ओरखडे अजून ताजे होते, एका खपलीत काचेचा हिरवा कण अडकलेला दिसत होता. मयताचं वय विचारलं. ३४. कारण विचारलं. दीर म्हणाला, ‘अटॅक आला, भाऊसाहेब.’

सगळ्या गावाला माहीत होतं काय झालं ते. पाच-सहा महिने त्या माणसाचं पोट पाण्यानं फुगलं होतं, हातपाय काड्या झाले होते, डोळे हळदीसारखे पिवळे. शेवटच्या रात्री रक्ताची उलटी झाली, ती पुसायला घरातलं एक अख्खं धोतर लागलं. मी लिहिलं: हृदयविकार. मग फॉर्मचा सांख्यिकी भाग आला. २००० नंतर आलेल्या मृत्यू अहवालाच्या नमुन्यात त्या भागात शेवटी चार प्रश्न असायचे. मयताला विडी-सिगारेटची सवय होती का, तंबाखू खाण्याची होती का, सुपारी-पानमसाल्याची होती का, दारूची होती का. असल्यास किती वर्षांपासून. चारही प्रश्नांपुढं मी सवयीनं आडवी रेघ ओढली. ती बाई अंगणवाडीत मदतनीस होती, लिहिता-वाचता येणारी. टेबलावर वाकून तिनं विचारलं, ‘तिथं काय लिवायचं असतंय, भाऊसाहेब?’

मी म्हणालो, ‘काही नाही, ते असंच असतं.’

त्या चौकोनाचं उत्तर त्या बाईइतकं नेमकं दुसरं कुणीच देऊ शकलं नसतं. कोणत्या वर्षी सुरू झाली, कोणत्या वर्षी वाढली, कोणत्या वर्षी म्हैस विकली, सगळं तिला तोंडपाठ असणार. ती सांगायला उभी होती आणि मी तिला गप्प केलं.

असं का केलं, हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एक तर गावात मेलेल्याबद्दल वाईट बोलत नाहीत. म्हातारी आई बाहेर पायरीवर बसलेली असते, तिच्या पोराच्या नावापुढं ‘दारू’ लिहायला हात धजत नाही. दुसरं कारण पैशाचं, आणि ते जास्त खरं. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. नशेत असताना झालेला अपघात त्यात बसत नाही. विम्याच्या बऱ्याच पॉलिसींतही तेच. त्यामुळं दारूचा शब्द कुठल्याही कागदावर आला की बाईचे पैसे अडकतील, अशी धास्ती घरच्यांना असते, आम्हालाही असते. दोन पोरं घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या वाटेत मला काटा पेरायचा नव्हता.

पण साहेब, ही धास्ती खोटी आहे, आणि हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच माहीत असायला हवं होतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्याच्या १७ व्या कलमात स्पष्ट आहे की मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही देताना त्यात मृत्यूचं कारण दाखवायचं नाही. आपण घरच्यांना जो मृत्यूचा दाखला देतो तो काढून पाहा, त्यावर कारणाची ओळच नसते. सवयींची माहिती तर सांख्यिकी भागातली. तो भाग वेगळा काढून फक्त आकडेवारीसाठी वर पाठवायचा असतो. दाव्याच्या वेळी पाहतात तो पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याचे कागद. पंचायतीतल्या त्या चौकोनाचा त्यात काही संबंध येत नाही. म्हणजे कायद्यानं प्रश्न विचारायची सोयही करून ठेवली होती आणि घराची अब्रू झाकायचीही. मधली रेघ आम्ही ओढली.

दवाखान्यात मेलेल्या माणसाचं काय, असं आपण विचाराल. तिथं डॉक्टर कारणाचं प्रमाणपत्र देतात. त्यात शेवटचं कारण, त्याआधीचं कारण आणि मुळातलं कारण अशी उतरंड लिहायची असते. मी पाहिलेल्या बऱ्याच कागदांवर वरच्या ओळीत ‘कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट’ आणि खाली मोकळं. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कोण मरतं? आणि हे प्रमाणपत्र तरी किती जणांच्या नशिबी असतं! २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंनाच डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं कारण म्हणजे दीर सांगेल ते, आणि भाऊसाहेब लिहील ते.

आता दुसऱ्या बाजूनं पाहा. आपल्या जिल्ह्यात दारू मोजली जात नाही असं मुळीच नाही. चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा या बाजूंनी गोवा बनावटीची दारू येते. ती पकडली की दुसऱ्या दिवशी पेपरला बातमी असते: किती बॉक्स, कोणती गाडी, वाहनासह किती लाखांचा मुद्देमाल. हातभट्टी उद्ध्वस्त केली तर गुळाचं आणि नवसागराचं रसायन किती लिटर ओतून दिलं, तेही छापून येतं. कारखान्याच्या डिस्टिलरीतून बाहेर पडणारा थेंब प्रूफ लिटरमध्ये, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणानं, मोजून त्यावर शुल्क लावलं जातं. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हे शुल्क वाढवलं, देशीवरचं प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये केलं, १८० मिलीच्या देशीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली, आणि या सगळ्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल येईल असा अंदाज सांगितला गेला. इतका बारीक हिशेब आहे. त्याच बाटलीनं माणूस गेला की मात्र हिशेब थांबतो. एखाद्या तालुक्यात वर्षभरात दारूनं किती माणसं गेली, हे सरकारी नोंदींतून आपण काढू म्हटलं तरी निघणार नाही.

विषारी दारूनं एका रात्रीत माणसं मेली तर ती मोजली जातात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली, राज्य हादरलं, अटका झाल्या, अधिकारी निलंबित झाले. व्हायलाच हवं होतं. पण सीलबंद, परवान्याच्या दुकानातली, शुल्क भरलेली दारू जी माणसं पंधरा-वीस वर्षांत मारते, ती एकेकटी मरतात, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या नावांनी. कुणी काविळीनं, कुणी अटॅकनं, कुणी ‘पडून’.

हे ‘पडून’ प्रकरण मी फार जवळून पाहिलंय. विहिरीच्या काठावर चपला आणि मोबाईल ठेवलेला, माणूस आत. रात्री पाणी पाजायला गेला होता, असं घरचे सांगतात. ओढ्याच्या साकवावरून मोटरसायकल खाली. उसाच्या फडात उताणा पडलेला, तोंडात चिखल. आणि तणनाशक. भांडण होतं, दारू पोटात असते, हाताशी गोठ्याच्या फळीवर डबा असतो. सकाळी शुद्धीवर आला असता तर त्यानं डब्याकडं पाहिलंही नसतं. पोलिसांकडं अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, अहवाल यायला महिने लागतात, आणि तो आला तरी पंचायतीच्या नोंदीपर्यंत कधीच पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालच्या मृत्यूंचा जो अहवाल २०२४ मध्ये काढला, त्यात जगभरात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाल्याचं म्हटलंय. त्यांतले २० लाख पुरुष. ७ लाखांहून जास्त मृत्यू जखमांमुळे, म्हणजे अपघात, आत्महत्या, मारामाऱ्या. आणि दारूनं मेलेल्यांत वयाच्या मानानं सर्वांत मोठा वाटा २० ते ३९ वर्षांच्या माणसांचा. हा शेवटचा आकडा वाचला तेव्हा मला माझी रजिस्टरं आठवली. ३४. २९. ३८. ३१.

आणि माझा भाऊ. ३९.

त्याच्याबद्दल लिहायचं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. घरात मोठा मी, तो पाठचा. सतरा-अठराचा असताना तालमीत जायचा. मी कोल्हापूरला गेलो की संध्याकाळी आम्ही दोघं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचो. म्हैस समोर उभी, पितळी भांड्यात धार पडायची, फेस वर यायचा, आणि तो एका दमात मोठा ग्लास रिकामा करून ओठावरची मिशी मनगटानं पुसायचा. पुढं शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला लागला. भट्टीसमोर आठ तास उभं राहून अंगातलं पाणी संपतं. सुटल्यावर फाटकाबाहेर सगळे मिळून थोडी घ्यायचे. थोडीची क्वार्टर झाली. एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक प्रमाण पेय धरते, म्हणजे ती सहा झाली, आणि हा रोज दोन क्वार्टरवर गेला होता. सोळा वर्षं.

त्यानं सोडायचं ठरवलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. पिणाऱ्याला सोडायचीच नसते असं लोक सहज म्हणतात. आषाढीला तो पंढरपूरला जाऊन आला, माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. आम्ही सगळे आनंदात. भावजयीनं पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरत होते की कपातला चहा बशीत सांडत होता. अंगाला दरदरून घाम. आम्ही म्हटलं, दारूची उष्णता बाहेर पडतेय, चांगलंच आहे. तिसऱ्या रात्री तो उठून भिंत झाडायला लागला. ‘दादा, मुंग्या बघ रं किती, समद्या अंथरुणात चालल्यात.’ भिंतीवर काही नव्हतं. आईनं ठरवलं, बाहेरचं काहीतरी आहे. पहाटे त्याला शेजारगावच्या देवर्षीकडं नेलं, अंगारा लावला, नारळ उतरवला. दुपारी फिट आली. दुसरी आली. मग रिक्षात घालून सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, निघालो. फुलेवाडीच्या अलीकडं त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते एकदम जड झालं. रिक्षा तिथूनच मागं फिरवली.

आमच्या गावचा ग्रामसेवक माझा मित्र. मीच त्याला फोन केला. त्यानं लिहिलं, ‘फिट येऊन’. दारूच्या चौकोनात त्यानं रेघ ओढली, मी सांगितलं म्हणून.

खूप नंतर एका डॉक्टरांनी मला समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच चालायला शिकलेला असतो. ती एकदम काढून घेतली की पहिल्या दिवसात थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, किडे-मुंग्या दिसतात, वेळकाळ कळत नाही. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो, आणि उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात. उपचार म्हणजे काही मोठं यंत्र नाही. डायझेपामच्या जातीच्या गोळ्या, डॉक्टरच्या देखरेखीत आधी पुरेशा आणि मग हळूहळू कमी करत. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. पाणी आणि क्षार. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून आधी ग्लुकोजचं सलाईन लावायचं नाही, आधी थायमिन द्यायचं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडं कुणीही गळाठला की पहिलं काय करतात? सलाईन लावतात.

माझा भाऊ दारू पिऊन मेला नाही, सोडताना मेला. त्याला वाचवू शकणारी औषधं महाग नव्हती आणि घरापासून सहा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. तिथं न्यावं हे आम्हाला सुचलं नाही, कारण दारू हा आजार म्हणून आमच्या घरात कधी कुणी उच्चारलाच नव्हता. मी रजिस्टर लिहिणारा सरकारी माणूस, आणि मलाही नाही सुचलं.

२०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली. दारूमुळं मदतीची गरज असलेली माणसं ५ कोटी ७० लाख निघाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचं त्यात आहे. बाकी ३७ माळ घालतात, शपथ घेतात, देवर्षीकडं जातात, सोडतात, पुन्हा धरतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, अनेक गावांत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका चालतात, सीपीआरला मानसोपचार विभाग आहे. पण चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर पडतं, आणि त्याच्याकडं दोन-तीन दिवसच असतात.

आता माझं मागणं. दारूबंदी करा असं मी म्हणत नाही. त्याबद्दल माझं मत आहे, पण ते या पत्राचं काम नव्हे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून केली आणि २०२१ मध्ये उठवली, तेव्हा अवैध विक्री वाढली आणि महसूल बुडाला ही कारणं पुढं आली. गुन्हे मोजलेले होते, महसूल मोजलेला होता. बंदीनं किती माणसं जगली किंवा मेली, हे ठामपणे मांडता येईल अशी गावोगावची मृत्यूची नोंद हाताशी असती तर तो वाद वेगळ्या पातळीवर झाला असता, असं मला वाटतं.

मी फक्त मोजा म्हणतोय. आपल्या जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती आहेत, शिवाय महापालिका आणि नगरपालिका. प्रत्येक निबंधकाला एक पत्र जाऊ द्या: सवयींच्या माहितीचा भाग रिकामा सोडायचा नाही, रेघ ओढायची नाही, ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहायचं. त्याच पत्रात १७ वं कलम सोप्या मराठीत छापा आणि पंचायतीच्या भिंतीवर लावा, म्हणजे बाईला कळेल की इथं खरं सांगितलं तर दाखल्यावर काही येत नाही. ऑनलाइन नोंद झाल्यापासून कागद कमी झालेत, पण रिकामं सोडून पुढं जायची सवय संगणकावरही तशीच जाते. नोंदणीच्या वेळी बाईशी एकटीशी दोन मिनिटं बोलायची मुभा आणि रीत घाला. दिरासमोर ती सांगणार नाही.

दुसरं, माता मृत्यूसारखं करा. गावात बाळंतीण दगावली की आशाताई कळवते, पथक घरी जातं, कुठं उशीर झाला ते विचारतं: घरात, वाटेत की दवाखान्यात. पूर्वी बाळंतपणात बाई मेली तर ‘नशीब’ म्हणून सोडून देत. मग प्रत्येक मृत्यूची चौकशी लागली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, गाड्या आल्या. देशात लाख जिवंत जन्मांमागं माता मृत्यू २००४-०६ ला २५४ होते, २०१८-२० ला ९७ वर आले, महाराष्ट्रात ३३. मोजल्यानंच हे झालं असं नाही, पण मोजलं म्हणून कुठं काय कमी पडतंय ते दिसलं. तसंच पन्नाशीच्या आतल्या पुरुषाचा घरी किंवा अकस्मात मृत्यू झाला की आशाताई आणि आरोग्यसेवकानं घरी जाऊन विचारावं. कधीपासून प्यायचा, सोडायचा प्रयत्न केला होता का, कुठं नेलं होतं. पहिल्या वर्षी एकाच तालुक्यात करा. शाहूवाडीत केलंत तर गावं मी दाखवीन.

आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिन आणि त्या गोळ्या असतील, डॉक्टरांना दारू सोडवतानाच्या पहिल्या चार दिवसांचं प्रशिक्षण मिळालेलं असेल, एवढं पाहा. माळ घालायला जाणाऱ्या माणसाला विठोबाआधी आरोग्य केंद्राची वाट कळायला हवी. वारकऱ्यांनाही हे सांगा, ते ऐकतील. दारू सोडायला आलेला माणूस त्यांना आपल्यापेक्षा जास्त भेटतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६. हे दोन नंबर मी नोकरीत असताना एकाही पंचायतीच्या फलकावर पाहिले नाहीत. घरफाळ्याच्या सवलतीचा फलक मात्र न चुकता लागायचा, मीच लावायचो.

जिल्हाधिकारी साहेब, आपण जिल्हा निवडणूक अधिकारीही असता, म्हणून एक गोष्ट आपल्याच कानावर घालतो. ग्रामपंचायतीची असो, सोसायटीची असो, कारखान्याची असो, निवडणूक लागली की ओल्या पार्ट्या सुरू होतात. शेतातल्या घरावर तांबडा-पांढरा आणि सोबत बाटल्या. अठरा-एकोणीसची पोरं पॅनेलचा प्रचार करतात आणि रात्री त्यांना फुकट पाजतात. आपल्या कायद्यानं बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं वय लागतं. ज्यांची मृत्यूची नोंद मी पुढं केली, त्यांतल्या काहींचा पहिला घोट कुणाच्या निवडणुकीतला होता, हे मला माहीत आहे. पाजणारे आजही गावात मान घेऊन फिरतात.

बायकांबद्दल सांगून थांबतो. २००८ च्या आदेशानं गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद करता येतं. मी असं मतदान होताना पाहिलंय. बायका कामाचा खाडा करून, पोरं काखेला मारून रांगेत उभ्या होत्या. त्याआधीच्या ग्रामसभेत एक म्हातारी उठून मेलेल्यांची नावं घ्यायला लागली. वाडीवार, घरवार. दुकानाच्या बाजूचा एक जण म्हणाला, ‘पुरावा काय? पंचायतीच्या दप्तरात बघा, एक तरी दारूनं मेल्याची नोंद हाय का?’ सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दप्तर माझ्याच टेबलावर होतं. नोंद एकही नव्हती.

मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पुढं राज्य सरकारनं तसं परिपत्रक काढलं. मला त्या ठरावाचा फार अभिमान वाटला, आणि त्याच रात्री ती हिरवा काचेचा कण असलेली खपली डोळ्यांपुढं आली. बांगड्या न फोडण्याचा ठराव एका ग्रामपंचायतीनं करून दाखवला. त्या बांगड्यांवर वेळ का येते, तेही एखाद्या पंचायतीच्या दप्तरात लिहिलं जाऊ शकतं. त्याला ठरावही लागत नाही. फॉर्म छापलेला आहे.

माझ्या भावाच्या नोंदीचा सांख्यिकी भाग केव्हाच वर गेला. आता त्यात दुरुस्ती होणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही भावजयीला विचारून, तिच्या परवानगीनं, आज लेखी देतो: दारूची सवय होती. १६ वर्षांपासून. सोडल्यानंतर चौथ्या दिवशी मृत्यू. कुठल्याच दवाखान्यात नेलं नव्हतं.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त ग्रामसेवक
ता. करवीर, जि. कोल्हापूर